सोबतीला कोण?

परीक्षेच्या दिवसांत आमच्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागातल्या कॉलेजात गेलं की व्हरांड्यात एखादी बाई भिंतीला टेकून बसलेली दिसते. शेजारी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली, डबा, कधी जास्तीचे कपडे. आत तिची मुलगी पेपर लिहीत असते. मुलीला पायऱ्यांवरून उचलून वर्गात नेणं, मधल्या वेळेत संडासाला नेऊन आणणं, पेपर सुटला की बसमध्ये चढवणं, हे सगळं या बाईचं काम. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, अफजलपूर, कुठलाही तालुका घ्या, अपंग मुलांचं शिक्षण असंच कुणाच्या तरी आईच्या, आजीच्या, थोरल्या भावाच्या अंगावर उभं आहे. कॉलेजच्या रजिस्टरात त्या बाईचं नाव नसतं. ती एक दिवस तापानं झोपली तर मुलीचं वर्ष जाऊ शकतं.

परदेशी विद्यापीठात एखादं सत्र शिकायला जायचं म्हटलं की पहिल्यांदा सुटते ती हीच सोबत. अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा जोडीदाराला आणि मुलांना बरोबर येऊ देतो, आईवडिलांना नाही. ब्रिटननं तर २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार आणणंही बंद केलं. आईला तिथे आधीपासूनच जागा नव्हती. परदेशातून आपल्याकडे शिकायला येणाऱ्या अपंग विद्यार्थ्याचंही तेच. तो उतरतो तेव्हा त्याच्याबरोबर घरचं कुणी नसतं, आणि आपली विद्यापीठं मात्र घरचं कुणीतरी असेलच असं धरून चाललेली असतात.

अपंग विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठानं काय करावं, याची आपल्याकडची चर्चा रॅम्पपाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. रॅम्प हवाच. पण मला या प्रश्नाचं मूळ सोबतीत दिसतं. घरी आई जे करते ते विद्यापीठात कोण करणार, कुणाच्या पैशातून करणार, आणि विद्यार्थी येण्याच्या किती आधी हे ठरणार? एक्स्चेंजवर आलेला किंवा गेलेला अपंग विद्यार्थी हा प्रश्न उघड्यावर आणतो, कारण त्याच्यापाशी आईची झाकणारी सावली नसते. दूरच्या, थोड्यांच्या गरजेबद्दल एवढं लिहायचं कारण हेच. जे त्याच्यासाठी करावं लागेल ते झालं, तर व्हरांड्यातल्या त्या बाईलाही एखादा दिवस घरी झोपता येईल.

कलबुर्गीहून आळंदच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना तुरीची शिवारं आणि मधेच कडगंची. मराठी भाविकांना हे गाव सायंदेवांचं म्हणून माहीत आहे. गाणगापूरच्या नृसिंह सरस्वतींचे ते शिष्य, आणि त्यांच्याच वंशातल्या सरस्वती गंगाधरांनी गुरुचरित्र लिहिलं. घरची भाषा कन्नड, ग्रंथ मराठी. त्याच गावाच्या हद्दीत आज कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आहे. २००९ साली स्थापन झालेलं, साडेसहाशे एकरांच्या आसपास पसरलेलं. केंद्रीय विद्यापीठ असल्यानं इथे देशभरातून मुलं येतात. पश्चिमेला अक्कलकोट तालुका, म्हणजे महाराष्ट्र, अगदी जवळ. कलबुर्गी शहरात १९८० सालचं गुलबर्गा विद्यापीठ आहे, अलीकडची खासगी विद्यापीठं आहेत, बिदरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. मागास म्हणून ज्या भागासाठी घटनेत ३७१ (जे) हे कलम घालावं लागलं त्या भागात उच्च शिक्षणाची एवढी दारं आता उघडी आहेत, आणि विद्यापीठ अनुदान आयोग तर २०२१ पासून प्रत्येक विद्यापीठाला सांगतोय की परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र कार्यालय उघडा.

बिदरला परदेशी विद्यार्थी नवे नाहीत. महमूद गावान स्वतःच परदेशी. इराणमधल्या गिलानचा हा व्यापारी १४५३ च्या सुमाराला बिदरला आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. त्यानं १४७२ मध्ये पुरा केलेला मदरसा तीन मजली होता. विद्यार्थ्यांसाठी ३६ खोल्या, शिक्षकांसाठी वेगळी घरं, मशीद, व्याख्यानाची दालनं आणि ३,००० हस्तलिखितांचा ग्रंथसंग्रह. इराणातून, अरब मुलुखातून विद्वान बोलावले जात, राहण्याजेवणाचा खर्च संस्थेचा. निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे आजही दर्शनी भिंतीवर आणि उरलेल्या मिनारावर टिकून आहेत. १६९६ मध्ये आत साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि पुढचा बराच भाग कोसळला. आज तिथे गेलं की लोक मिनाराचा फोटो काढून निघतात. मला तिथली सगळ्यात मोलाची गोष्ट त्या लहान खोल्या वाटतात. घरापासून हजार मैलांवर आलेल्या मुलाला झोपायला जागा, वेळेला जेवण आणि अडचण सांगायला माणूस लागतो, हे पाचशे वर्षांपूर्वी या गावात कुणीतरी बांधकामाच्या नकाशातच धरलं होतं.

सोबत नसलेल्या परक्याचं काय होतं, तेही त्याच काळात इथल्या वाटेवर लिहून ठेवलेलं आहे. रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफानासी निकितिन चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला पोचला. जुन्नरच्या सुभेदारानं, असदखानानं, त्याचा घोडा हिसकावला आणि धर्म बदलण्याची अट घातली. खोरासानच्या एका माणसानं रदबदली केली म्हणून तो सुटला. रेवदंड्याला आता त्याचं स्मारक आहे. आणि खुद्द गावान? स्थानिक आणि बाहेरून आलेले, या दरबारी भांडणात खोट्या पत्राचा आळ घेऊन १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. परक्याला सामावून घेणं या मातीला जमलेलं आहे, आणि न जमलेलंही आहे.

आता अपंगत्व आणि परदेश या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होतं ते पाहू. वेद मेहता यांचं उदाहरण मराठी मुलुखाशी बांधलेलं आहे. लाहोरचा हा मुलगा चार वर्षांचा व्हायच्या आत मेंदूज्वरानं आंधळा झाला. वडील डॉक्टर. मुलाला शिकवायचंच या जिद्दीनं त्यांनी त्याला पाच वर्षांचा व्हायच्या आत मुंबईला दादरच्या अंधशाळेत पाठवलं. ही शाळा अमेरिकन मराठी मिशनची, ॲना मिलर्ड या मिशनरी बाईंनी सुरू केलेली. घरची भाषा पंजाबी, भोवती मराठी मुलं. एवढ्या लहान वयात त्यानं परक्या भाषेतलं वसतिगृह अनुभवलं. पुढे आणखी शिकायचं तर भारतात सोय नव्हती. त्यानं इंग्लंड-अमेरिकेतल्या शाळांना पत्रं लिहिली. नकार येत गेले. परक्या संस्कृतीत आंधळ्या मुलाचा निभाव लागणार नाही, तो ना तिकडचा राहील ना इकडचा, असा त्या नकारांचा सूर होता. शेवटी आर्कान्सा राज्यातल्या अंधशाळेनं होकार दिला, आणि १९४९ मध्ये पंधरा वर्षांचा मुलगा एकटा विमानात बसला. तिथून पोमोना कॉलेज, ऑक्सफर्ड, हार्वर्ड, आणि मग 'द न्यूयॉर्कर'मध्ये तीन दशकांहून जास्त लेखन. २०२१ मध्ये ते गेले.

या गोष्टीत आपण बहुतेक वेळा मुलाची हिंमत पाहतो. मी ती नाकारत नाही. पण ज्या शाळांनी नाही म्हटलं त्यांचं कारण नीट वाचावं. मुलगा हुशार नाही असं कुणी म्हटलं नाही. त्याच्या सोबतीची जबाबदारी आम्ही घेणार नाही, एवढंच सभ्य भाषेत सांगितलं. आजही एक्स्चेंजच्या अर्जांना हेच उत्तर मिळतं, फक्त वाक्यं बदलली आहेत. 'आमच्याकडे अशा विद्यार्थ्यांसाठी पुरेशी सुविधा नाही, विद्यार्थ्याच्या हिताच्या दृष्टीनं...' विद्यार्थ्याचं हित त्याला न विचारता ठरवणारं हे वाक्य मला फार टोचतं.

जावेद अबिदी यांचं उदाहरण दुसऱ्या बाजूचं. अलिगढमध्ये जन्मलेले अबिदी जन्मतःच असलेल्या पाठीच्या कण्याच्या दोषामुळे पुढे व्हीलचेअरवर आले. ते अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहराजवळच्या राइट स्टेट विद्यापीठात पत्रकारिता शिकले. या विद्यापीठाच्या बहुतेक इमारती जमिनीखालच्या बोगद्यांनी एकमेकींना जोडलेल्या आहेत. बर्फ पडो, पाऊस पडो, चाकांवरचा माणूस वसतिगृहातून ग्रंथालयात आणि ग्रंथालयातून वर्गात कुणालाही हाक न मारता जाऊ शकतो. १९८९ मध्ये ते भारतात परतले. दिल्लीत साधं नोकरीच्या ठिकाणी आत जाणंही अवघड. जो माणूस कुणाच्या उचलण्याशिवाय शिकला होता त्याला इथलं उचलणं सोसवलं नाही, आणि त्यातून चळवळ उभी राहिली. १९ डिसेंबर १९९५ ला दिल्लीत अपंगांनी निदर्शनं केली, आणि तीनच दिवसांनी, २२ डिसेंबरला, भारतातला पहिला अपंग हक्क कायदा संसदेत मंजूर झाला. विमानात चढायला शिडीऐवजी सोय हवी म्हणून त्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली. मला वाटतं, शिकायला परदेशी गेलेल्या अपंग विद्यार्थ्यानं परत काय आणावं याचं याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही. त्यांनी पदवीबरोबर एक सवय आणली, स्वतःच्या पायावर नव्हे तर स्वतःच्या मर्जीनं हिंडण्याची.

अमेरिकेतही हे आपोआप झालेलं नाही. दुसऱ्या महायुद्धातून जखमी होऊन परतलेले सैनिक शिकायला आले तेव्हा इलिनॉय विद्यापीठात टिमोथी न्यूजेंट यांनी १९४८ मध्ये त्यांच्यासाठी कार्यक्रम सुरू केला. पोलिओमुळे मानेखालचं शरीर लुळं झालेल्या एड रॉबर्ट्स यांना बर्कलीनं १९६२ मध्ये प्रवेश दिला खरा, पण त्यांना श्वास घ्यायला लागणारं 'लोखंडी फुप्फुस' हे यंत्र मावेल अशी वसतिगृहाची खोली नव्हती, म्हणून त्यांना विद्यापीठाच्या दवाखान्यात ठेवलं. त्यांच्यासारखी आणखी मुलं तिथे जमली, आणि १९७० पर्यंत त्यांनी स्वतःच चालवलेलं कार्यालय उभं केलं. मदतनीस शोधणं, त्यांना पगार देणं, नाही पटलं तर बदलणं हे सगळं विद्यार्थ्यांच्या हातात. मदतनिसाचं काम पगाराचं काम आहे, दयेचं किंवा नात्याचं नाही, हा विचार तिथून पसरला. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातलं कलम ५०४ आणि १९९० चा अपंगत्वविषयक कायदा त्यानंतरचे. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या अपंगांसाठी म्हणून काम करणारी मोबिलिटी इंटरनॅशनल यूएसए ही संस्था १९८१ मध्ये सुझन सायगल यांनी ओरेगन राज्यात काढली. त्या स्वतः व्हीलचेअर वापरतात.

युरोपच्या इरॅस्मस प्लस योजनेत याहून पुढची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अपंग विद्यार्थ्याला नेहमीच्या शिष्यवृत्तीशिवाय जो जास्तीचा खर्च येतो तो प्रत्यक्ष झालेल्या खर्चाप्रमाणे भरून मिळतो, आणि त्यात बरोबर येणाऱ्या माणसाचा खर्चही धरलेला आहे. म्हणजे सोबत हा हिशेबातला रकाना आहे. ब्रिटनमध्ये अपंग विद्यार्थ्यांना सरकारकडून मिळणारा भत्ता परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. पण २०१० च्या समता कायद्यानुसार वाजवी सोय करून देण्याचं बंधन विद्यापीठावर आहेच, विद्यार्थी कुठल्याही देशाचा असो. ऑस्ट्रेलिया व्हिसा देतानाच विचारतो की या माणसाच्या आजारपणावर, देखभालीवर आमचा किती खर्च होईल. आपल्याकडून जाणाऱ्या विद्यार्थ्यानं विद्यापीठाचं नाव बघायच्या आधी त्या देशाचा हा कायदा बघावा. केंद्र सरकारची अपंग विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे, वर्षाला २० जागा, त्यातल्या ६ मुलींसाठी. पण ती पदव्युत्तर पदवी आणि पीएचडीसाठी. एका सत्रासाठी जाऊन येऊ पाहणाऱ्या बीएच्या मुलीला तिच्यातून काही मिळत नाही.

आता दिशा उलटी करू. समजा उद्या कडगंचीला एक परदेशी विद्यार्थिनी एका सत्रासाठी यायची आहे आणि ती व्हीलचेअर वापरते. तिचं पाऊल आपल्या व्यवस्थेत कुठे कुठे अडेल?

पहिलं अडेल ते कागदावर. आपल्याकडचा सगळा व्यवहार टक्क्यांवर चालतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, आणि उच्च शिक्षणातल्या ५ टक्के राखीव जागा, वयाची सवलत वगैरे ४० टक्क्यांपासून पुढे. ते टक्के भारतीय वैद्यकीय मंडळ ठरवणार, त्यावरून अपंगत्वाचं ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, निघणार. अनेक देशांत असे टक्के काढतच नाहीत. तिथे विचारतात, तुला काय लागतं? अमेरिकेत तर प्रवेशाआधी अपंगत्वाची चौकशी करायलाच बंदी आहे. प्रवेश मिळाल्यावर ती स्वतः कार्यालयात जाऊन सांगते. आपल्या फॉर्ममधला टक्क्यांचा रकाना तिला कळणार नाही, आणि तो रिकामा राहिला की आपल्या यंत्रणेच्या दृष्टीनं ती अपंग नाहीच. राखीव जागा नागरिकांसाठी असोत, त्याबद्दल वाद नाही. पण वाजवी सोय ही वेगळी गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात स्पष्ट केलं की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांची अट लावता येणार नाही. वाजवी सोय प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे द्यायची असते. हे तत्त्व परदेशी विद्यार्थिनीला लावायला नवा कायदा कशाला हवा? कुलसचिवांच्या सहीचं एक परिपत्रक पुरेल.

लेखनिकाचंच घ्या. नियमानं तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. कलबुर्गीत मिळणारा लेखनिक कन्नड, उर्दू, मराठी जाणणारा. परदेशी मुलीचं इंग्रजी उच्चारासकट त्याला कळायला हवं. परीक्षेच्या आदल्या दिवशी माणूस शोधून हे होत नाही. सत्राच्या सुरुवातीलाच दोघांची गाठ घालून द्यावी लागते.

मग ऊन. याचा विचार बंगळूरच्या मार्गदर्शिकेत सापडणार नाही, तो आपल्यालाच करावा लागेल. कलबुर्गीचा एप्रिल-मे कसा असतो ते सांगायला नको, पारा ४२ च्या वर जातो. मानेजवळ किंवा छातीच्या वरच्या भागात मणक्याला इजा झालेल्या माणसाला इजेखाली घाम नीट येत नाही, शरीराचं तापमान आवरत नाही. त्याला उष्माघात इतरांपेक्षा लवकर होतो. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाची ताकदही उन्हात एकदम घटते. म्हणजे अशा विद्यार्थिनीला जुलै ते डिसेंबरच्या सत्रात बोलवायचं, वर्ग सकाळी ठेवायचे, खोली तळमजल्यावर आणि गार राहील अशी द्यायची. विजेवर चालणारी खुर्ची असेल तर रात्री वीज गेल्यावर तिची बॅटरी कशी भरायची, हा प्रश्नही वसतिगृहाच्या वॉर्डनसमोर आधीच यायला हवा. अंध विद्यार्थी मार्गदर्शक कुत्रा घेऊन येणार असेल तर आवारातली भटकी कुत्री हा फार मोठा प्रश्न आहे. असा कुत्रा आपल्याकडे जवळजवळ कुणी पाहिलेला नाही.

बहिरा विद्यार्थी आला तर आणखी वेगळं. भारतीय सांकेतिक भाषा वेगळी, अमेरिकी वेगळी. इंग्रजी एकच असूनही अमेरिकी आणि ब्रिटिश सांकेतिक भाषा एकमेकांना कळत नाहीत. भारतीय सांकेतिक भाषेसाठी केंद्र सरकारची संस्था २०१५ मध्ये दिल्लीत सुरू झाली, दुभाषे अजून फार थोडे. इथे लेखी मजकूर पडद्यावर उमटवण्याची सोय जास्त उपयोगी पडेल. आणि ज्यांचं अपंगत्व दिसतच नाही त्यांचं काय? पाश्चात्त्य विद्यापीठांत अपंग कार्यालयाकडे नोंदणी करणाऱ्यांत वाचनदोष, स्वमग्नता, एकाग्रतेचा विकार, नैराश्य असणारे विद्यार्थी मोठ्या संख्येनं असतात. असा मुलगा इथे आला तर त्याला रॅम्प काय कामाचा? त्याला व्याख्यानाच्या नोट्स आधी हव्यात, परीक्षेला शांत खोली हवी, आणि त्याची औषधं या देशात नियमानं मिळतात का हे निघण्यापूर्वी कळायला हवं. काही औषधं एका देशात डॉक्टर लिहून देतो आणि दुसऱ्या देशात ती जवळ बाळगणं गुन्हा ठरतो. जपानमध्ये ॲम्फेटामिनची गोळी बरोबर नेता येत नाही. मनाच्या आजाराबद्दल आपला भाग कसा विचार करतो हेही लपवण्यात अर्थ नाही. गाणगापूरला आजही माणसं आपल्या आजारी नातेवाइकाला घेऊन येतात. त्यांच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. पण तो नातेवाईक विद्यापीठात विद्यार्थी म्हणून बसलेला असू शकतो, त्याला समुपदेशक लागेल, ही गोष्ट विद्यापीठाच्या आवारात तरी रुजायला हवी.

या सगळ्यात एक गोष्ट अशी आहे की जिच्यात आमचा सीमाभाग जगाला काही दाखवू शकतो. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली, तेव्हा भारतीय भाषांतल्या सारख्या उच्चाराच्या अक्षरांना सारखेच ठिपके दिले गेले. मराठीतला 'क' आणि कन्नडातला 'क' डोळ्यांना दोन वेगळ्या आकृत्या दिसतात. बोटांना दोन्ही एकच, पहिला आणि तिसरा ठिपका. 'ळ' सुद्धा एकच. औरादच्या मराठी माध्यमाच्या शाळेत ब्रेल शिकलेल्या मुलीला कन्नड लिपी नव्यानं शिकावी लागत नाही, भाषा तेवढी शिकायची. डोळस मुलांना सीमेवर दोन लिप्यांचं ओझं असतं, तिला नाही. ज्या सीमेवरून आम्ही दशकानुदशकं भांडलो ती ब्रेलमध्ये मारलेलीच नाही, याचा मला मनापासून आनंद आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांनी २००६ मध्ये सुरू केलेलं एनव्हीडीए हे फुकट सॉफ्टवेअर संगणकावरचा मजकूर वाचून दाखवतं, मराठीही आणि कन्नडही. पुस्तकांच्या बाबतीत तर भारत पुढे आहे. अंधांना वाचता येतील अशी पुस्तकं एका देशातून दुसऱ्या देशात कायद्यानं पाठवता यावीत म्हणून २०१३ मध्ये मराकेश करार झाला, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत. सुगम्य पुस्तकालय हा ऑनलाइन ग्रंथसंग्रह २०१६ पासून आहे. म्हणजे परदेशी अंध विद्यार्थ्याची पाठ्यपुस्तकं त्याच्या येण्याआधी कडगंचीला पोचणं कायद्यानं शक्य आहे. यादी वेळेवर मागवणारा माणूस मात्र ग्रंथालयात नेमलेला असायला हवा.

इमारतींचं बोलायचं तर सर्वोच्च न्यायालयानं १५ डिसेंबर २०१७ ला शिक्षणसंस्था अपंगांना वापरता येण्याजोग्या करा असा आदेश दिला. विद्यापीठ अनुदान आयोगाचे सविस्तर निकष २०२२ मध्ये आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात न्यायालयानं सांगितलं की अशा निकषांतला किमान भाग सक्तीचाच हवा, नुसत्या शिफारशी चालणार नाहीत. एवढं सगळं कागदावर असताना दरवाजाची रुंदी, संडासातली दांडी, उताराचं प्रमाण मोजायला अडचण काय आहे, हे मला कळत नाही. मोजपट्टी घेऊन विद्यापीठातल्या अपंग विद्यार्थ्यांनाच हे काम द्यावं आणि त्याचा मोबदला द्यावा.

संख्या बघून कुणी म्हणेल, एवढं कुणासाठी करायचं? २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशभरात परदेशी विद्यार्थी होते ४६,८७८, सगळ्यात जास्त नेपाळचे. त्यातले अपंग किती, आणि त्यातले आमच्या बिदर-कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत येणारे किती? थोडेच असणार. म्हणूनच मला वाटतं की सुरुवात समुद्रापलीकडून करू नये, हद्दीपलीकडून करावी.

सोलापूरचं विद्यापीठ आणि कडगंचीचं विद्यापीठ यांच्यात अंतर ते किती? मधे अक्कलकोट, आळंद. लातूरला नांदेड विद्यापीठाचं उपकेंद्र आहे. औराद, भालकीची मुलं कितीतरी वर्षं उदगीरला शिकायला जातात. पण अपंग मुलीनं ही हद्द ओलांडली की तिच्या हक्कांची गळती सुरू होते. यूडीआयडी कार्ड देशभर चालतं, राज्याच्या योजना मात्र रहिवासी दाखल्यापाशी अडतात. कर्नाटकात शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून राज्यातल्या बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट आहे, म्हणजे भालकीतल्या त्या आईला लेकीबरोबर बिदरच्या कॉलेजात जायला तिकीट पडत नाही. उदगीरला सोबत जायची तर हिशेब बदलतो. तिकडच्या शिष्यवृत्तीला इकडचा दाखला चालत नाही. अभ्यासाची भाषा बदलते, लेखनिकाची भाषा बदलते, दवाखान्यात बोलायची भाषा बदलते. परदेशी विद्यार्थ्यासमोर जी जी अडचण येते ती आमच्या मुलीसमोर तासाभराच्या प्रवासात येते.

म्हणून दोन विद्यापीठांनी एका सत्राची अदलाबदल करावी, आणि पहिल्या वर्षी ती मुद्दाम अपंग विद्यार्थ्यांसाठी खुली करावी. अंध, बहिरी, व्हीलचेअरवरची, वाचनदोष असलेली, चार-सहा मुलं इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. प्रत्येकाशी निघण्याच्या तीन महिने आधी फोनवर बोलणं व्हावं, आणि काय लागतं, काय मिळेल, काय मिळणार नाही, हे त्याच्या हातात लेखी द्यावं. मिळणार नाही तेही लिहावं. त्यावरून तो स्वतः ठरवेल. खोलीचे फोटो आणि मापं पाठवावीत. एक वर्ष हे नीट चाललं की परदेशी विद्यापीठाशी करार करताना कुलगुरूंना सांगायला काहीतरी हातात असेल.

आणि त्या करारात सोबतीची तरतूद हवी. आईला बोलावण्याची नव्हे. आळंद, कडगंची, कलबुर्गीतल्या बायाबापड्यांनी घरातल्या आजाऱ्यांचं, म्हाताऱ्यांचं, अपंग लेकरांचं सगळं केलेलं आहे. उचलायचं कसं, अंग कसं पुसायचं, जखम होऊ नये म्हणून कूस कधी बदलायची, हे त्यांना माहीत आहे. त्यांना काही आठवड्यांचं प्रशिक्षण द्यावं, विद्यार्थ्याचं ऐकून काम करायला शिकवावं, कारण कुठे जायचं आणि कधी जायचं हे ठरवणार तो. मग विद्यापीठानं त्यांना वैयक्तिक मदतनीस म्हणून कामावर घ्यावं, आणि त्यांची मदत विद्यापीठात आधीपासून शिकणाऱ्या इथल्या अपंग मुलांनाही मिळावी. त्या जागांची जाहिरात कन्नड, मराठी, उर्दू आणि इंग्रजी या चारही भाषांत निघावी. तिच्यात कामाचे तास लिहिलेले असावेत, महिन्याचा पगार लिहिलेला असावा, आणि आठवड्याची सुट्टी.